घुमटाच्या मानेपाशी

गोवळकोंडा किल्ल्याच्या बंजारा दरवाजापासून जेमतेम किलोमीटरभरावर इब्राहिमबाग आहे. १५१८ ते १६८७ या काळात इथे राज्य केलेल्या कुतुबशाही घराण्याची ही दफनभूमी. सकाळी लवकर गेलं तर गवतावर दव असतं आणि घुमटांच्या पूर्वेकडच्या अंगावर ऊन उतरत असतं. त्यांतला सर्वांत भव्य घुमट मुहंमद कुली कुतुबशाहाच्या कबरीवर आहे. याच सुलतानाने १५९१ मध्ये चारमिनार उभा केला आणि हैदराबाद वसवलं. इमारतीची उंची सुमारे ४२ मीटर. खाली चौरस चौथरा, त्यावर चौरस दालन, त्याच्या वर गोल गळा आणि गळ्यावर फुगलेला घुमट. घुमट गळ्यावर टेकतो तिथे चुन्याच्या पाकळ्यांची ओळ आहे, जणू अर्धवट उमललेल्या कमळात कुणी तो अलगद ठेवून दिला आहे.

एखादी कविता आवडली की ती आपण पुन्हा पुन्हा वाचतो, आणि केव्हातरी तिची बांधणी दिसायला लागते. या घुमटाच्या बाबतीत माझं तसं झालं. पहिल्यांदा तो नुसता सुंदर दिसला. मग प्रश्न पडला की हा आकार सांगायचा कसा? समजा, ज्याने तो कधी पाहिलेला नाही अशा माणसाला फक्त आकड्यांतून आणि चिन्हांतून सांगायचा आहे. गणिताने या प्रश्नाची अनेक उत्तरं दिली आहेत, आणि गंमत अशी की त्यांतली बरीचशी या घुमटावरच वाचता येतात.

सगळ्यांत जुनं उत्तर गवंड्याचं. खोली चौकोनी आणि डोक्यावर वर्तुळ, तर मधे काय? मधे अष्टकोन. चार कोपऱ्यांत चार कमानी टाकल्या की चौकोनाच्या आठ बाजू होतात, आठांच्या सोळा करता येतात आणि सोळांवर वर्तुळ बेताने बसतं. चौकोनातून अचूक अष्टकोन पाडायला आकडा लागत नाही. कर्णाच्या निम्म्या लांबीची दोरी घ्यायची, चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने खुंटी रोवून ती दोरी बाजूंवर फिरवायची. जिथे जिथे ती बाजूला छेदते तिथे खुणा करायच्या. आठ खुणा मिळतात आणि त्या जोडल्या की समभुज, समकोन अष्टकोन तयार. या रचनेच्या पोटात दोनाचं वर्गमूळ दडलेलं आहे, म्हणजे कुठल्याही अपूर्णांकात पूर्ण न मावणारी संख्या. दोरीला ती लिहावी लागत नाही, दोरी ती नुसती ताणून दाखवते.

या पायऱ्या किती लवकर वर्तुळाजवळ नेतात ते पाहण्यासारखं आहे. चौकोनाचा कोपरा केंद्रापासून जितका लांब असतो त्याहून बाजूचा मध्य सुमारे २९ टक्के जवळ असतो. अष्टकोनात हा फरक साडेसात टक्क्यांवर येतो, सोळा बाजूंना दोन टक्क्यांच्या आत, बत्तीस बाजूंना अर्ध्या टक्क्यावर. बाजू दुप्पट केल्या की चूक साधारण एकचतुर्थांश होते. पाच मीटर त्रिज्येच्या घुमटात अर्धा टक्का म्हणजे अडीच सेंटिमीटर, आणि तेवढं चुन्याच्या गिलाव्यात सहज जिरतं. गणिताला जिथे अनंत पायऱ्या लागतात तिथे गवंडी चौथ्या पायरीवर थापी हातात घेतो आणि काम पुरं करतो.

याच बागेत जमशीद कुलीची कबर आहे. सुलतानांच्या कबरींत अष्टकोनी बांधणीची ही एकच. जमशीद १५४३ ते १५५० या काळात गादीवर होता. तो राज्य करत असतानाच, १५४५ च्या सुमारास, तिकडे कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञ भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहीत होते. लीलावतीत परिघ आणि व्यास यांचं सूक्ष्म गुणोत्तर ३९२७ भागिले १२५० असं दिलं आहे, म्हणजे ३.१४१६. हे आलं कुठून, ते गणेश दैवज्ञ समजावतात. वर्तुळात षट्कोन काढा, त्याच्या बाजू बारा करा, मग चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव, तीनशे चौऱ्याऐंशी. म्हणजे तीच दुपटीची वाट. इथे दगडात आणि तिथे बोरूने, एकाच काळात माणसं सरळ रेषांना वर्तुळाकडे नेत होती. या दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. तरी जमशीदच्या कबरीसमोर उभं राहिलं की मला नांदगाव आठवल्याशिवाय राहत नाही.

वर्तुळ झालं, पण घुमट म्हणजे वर्तुळ नव्हे. तो पृष्ठ आहे, दोन दिशांनी वळलेला. इथे मूळ भास्कराचार्यांकडेच जावं लागतं. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात आणि त्यावरच्या स्वतःच्याच वासनाभाष्यात त्यांनी गोलाचं पृष्ठफळ काढून दाखवलं आहे. त्यासाठी त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला तो आवळा. आवळ्यावर देठापासून तळापर्यंत रेघा असतात आणि त्यांच्यामधे फाकी. गोलाच्या अशा शहाण्णव फाकी कल्पायच्या, एका फाकीचं क्षेत्रफळ ‘ज्या’ म्हणजे साइन यांच्या बेरजेने काढायचं आणि शहाण्णवने गुणायचं. गोलाचं पृष्ठ त्याच्या मधल्या मोठ्या वर्तुळाच्या चौपट भरतं. हे सांगताना लीलावतीत त्यांनी चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा दिली आहे. घनफळासाठी तर त्याहून धीट कल्पना आहे. पृष्ठाचे बारीक चौकोन करा, प्रत्येकातून केंद्रापर्यंत सुईसारखा सूचीघन जातो असं समजा आणि सगळ्या सुयांची बेरीज करा.

आज संगणकात घुमट साठवायचा झाला तर हेच करतात. लेझरने लाखो बिंदू टिपायचे, ते जोडून लहान लहान त्रिकोणांची जाळी विणायची, आणि मग क्षेत्रफळ, घनफळ, कुठे पडणारी सावली, कुठे पडलेली भेग, सगळं त्या त्रिकोणांवरून काढायचं. चेंडूवरची जाळी साडेआठशे वर्षांनी अशी पडद्यावर आली. मला तरी यात उपमेची पुण्याई दिसते. भास्कराचार्य नुसतं सूत्र देऊन थांबू शकले असते, पण त्यांनी आवळा दिला, आणि आवळा हातात घेतलेल्या माणसाला सूत्र विसरलं तरी वाट सापडते.

आकार मांडायची आणखी एक तऱ्हा आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. पाकळ्यांच्या उंचीवर घुमट आडवा कापला असं समजू. कडेने चालताना केंद्रापासूनचं अंतर वाढतं, घटतं, पुन्हा वाढतं. फ्रान्सच्या जोसेफ फूरिएने १८२२ मध्ये छापलेल्या आपल्या उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं की असे चढउतार साध्या लहरींच्या बेरजेने लिहिता येतात. आपल्या पंचांगकर्त्यांना यातलं मर्म नवं वाटलं नसतं. ग्रहाची वाकडी चाल ते वर्तुळावर वर्तुळ ठेवूनच मांडत आले. मोठ्या वर्तुळावर फिरणारं लहान वर्तुळ, त्यावर आणखी लहान, आणि शेवटच्या वर्तुळाच्या टोकाला पेन्सिल. अशा यंत्राने गोलसर पाकळ्यांची माळ दोनतीन वर्तुळांत निघते. पण हेच यंत्र खालच्या दालनाचा साधा चौकोन काढायला बसलं तर अडतं. कोपरा टोकदार आहे, आणि गोल फिरणाऱ्या चाकांना टोक जमत नाही. वर्तुळं वाढवत जा, कोपरा जवळजवळ येतो, पण पुरता कधीच होत नाही. दोरीला चौकोन सोपा आणि पाकळी अवघड, चाकांना पाकळी सोपी आणि चौकोन अवघड. प्रत्येक भाषेत काही गोष्टी एका शब्दात सांगता येतात आणि काहींना पानभर लिहावं लागतं, तसंच हे.

एवढं सगळं करूनही माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. लाख त्रिकोणांची जाळी माझ्यापाशी आहे, म्हणजे आकार पूर्ण मांडला गेला. पण हा घुमट इतका भरलेला वाटतो आणि तरी फुटून सांडत नाही, तो कशाने आवळून धरलेला वाटतो, हे त्या लाख त्रिकोणांत कुठेही लिहिलेलं नाही. आकार मांडणं वेगळं आणि आकार कळणं वेगळं. कळण्यासाठी आणखी एक वळण घ्यावं लागतं, आणि ते वळण हैदराबादवरूनच जातं.

१८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिण हिंदुस्थानाची त्रिकोणमापणी सुरू केली. अर्धा टन वजनाचा, कोन मोजणारा थिओडोलाइट टेकड्यांवर आणि गोपुरांवर चढवत त्यांनी त्रिकोणाला त्रिकोण जोडला. पुढे हैदराबाद हे त्यांचं ठाणं झालं. इथून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावात त्यांची कबर आहे. त्यांना नकाशा तर करायचाच होता, पण त्याहून मोठी ओढ पृथ्वीचा आकार कळण्याची होती. हे त्यांच्या कामातलं मला सर्वांत आवडणारं अंग आहे.

शाळेत आपण शिकतो की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणात ती थोडी जास्त भरते. दर २०० चौरस किलोमीटरला साधारण एक विकला, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. लॅम्बटनसारख्या मापकांना ही वाढ हिशेबात धरावी लागे. आता याचा अर्थ पाहा. पृथ्वीबाहेर जाऊन तिच्याकडे न बघता, तिच्या अंगावरच उभं राहून, नुसते कोन मोजून ती वळलेली आहे हे कळतं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल फ्रीडरिश गाऊस हॅनोव्हर राज्याची अशीच त्रिकोणमापणी करत होते. १८२७ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की पृष्ठाची वक्रता पृष्ठावरच्या मोजमापांतूनच निघते, बाहेरून पाहण्याची गरज नाही. त्या सिद्धान्ताला त्यांनी स्वतःच ‘विलक्षण’ असं नाव दिलं.

आमच्याकडे हा सिद्धान्त दर भाद्रपदात स्वयंपाकघरात हाताखालून जातो. उकडीची पारी सपाट असते. तिची वाटी करायला लागलं की कडेचा घेर जास्त होतो, त्याला जागा पुरत नाही. मग चिमटीने कळ्या पाडायच्या. प्रत्येक कळी थोडा घेर गिळते आणि वाटी खोल होते. सपाट पारीतून गोल मोदक करायचा तर घेर कुठेतरी आवळावाच लागतो. केंद्रापासून ठरावीक अंतर चालून गेल्यावर भोवतीचा घेर सपाट जमिनीपेक्षा किती कमी पडतो, यावरून वक्रता मोजता येते. घेर कमी पडला तर वक्रता धन, म्हणजे पृष्ठ वाटीसारखं. जास्त झाला तर ऋण, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखं, एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेलं.

आता पुन्हा घुमटाकडे या आणि माथ्यापासून खाली वाचत चला. माथ्यावरून पोटापर्यंत पृष्ठ वाटीसारखं आहे, वक्रता धन. पोटाची सर्वांत रुंद रेघ ओलांडली की भिंत आत झुकते, तरी काही काळ धनच. मग गळ्याकडे येताना एका जागी वळणाची दिशाच बदलते. आडवा घेर बाहेरच्या बाजूला गोल, पण उभी रेघ आतल्या बाजूला वळलेली. खोगीर. वक्रता ऋण. आपल्या शिल्पशास्त्रात अशा आवळलेल्या भागाला ग्रीवा म्हणतात. तांब्याची घागर हातात घेऊन बुडापासून काठाकडे बोट फिरवलं तरी हाच प्रवास होतो: बूड, पोट, खांदा, मान.

इथे हिशेब मांडण्यासारखा आहे. गोलाचे आठ सारखे भाग केले तर प्रत्येक भाग तीन काटकोनांचा त्रिकोण होतो. कोनांची बेरीज २७०, म्हणजे ९० अंश जास्त. आठांचे मिळून ७२०. ही पूर्ण गोलाची एकूण वक्रता, आणि अर्ध्या गोलाची ३६०. आता माझा घुमट काही अर्धा गोल नाही, तो लांबट आहे, टोकाशी निमुळता आहे. तरी माथ्यापासून पोटाच्या रुंद रेघेपर्यंत त्याची एकूण वक्रता बरोबर ३६० अंशच भरते, माथ्याच्या टोकात साठलेली वक्रता धरून. घुमट बसका असो, उंच असो, कांद्यासारखा असो, पोटाची रेघ गाठेपर्यंत ३६०. कारण असं की घुमटाच्या अंगावर काटकोनात एक काडी धरली तर माथ्यावर ती आभाळाकडे रोखलेली असते आणि पोटावर आडवी. मधे ती वरच्या अर्ध्या आभाळातल्या सगळ्या दिशा दाखवून होते. आभाळ काही घुमटानुसार लहानमोठं होत नाही.

पोटाखाली काय होतं? भिंत आत झुकली की काडी जमिनीकडे वाकते. ३६० वर भर पडू लागते. भिंत उभ्या रेषेपासून दहा अंश आत झुकली तर ही भर ६२ अंशांहून किंचित जास्त होते. घुमट जितका फुगीर, तितकी भर मोठी. पण गळ्याची भिंत पुन्हा उभी आहे. तिथे पोचेपर्यंत काडीला परत आडवं व्हावंच लागतं, ज्या दिशा ती दाखवून आली त्याच उलट क्रमाने पुन्हा दाखवत. म्हणजे खोगिराच्या भागात तेवढीच ऋण वक्रता जमा होते. ६२ घेतले, ६२ फेडले. गळ्यापाशी हिशेब पुन्हा ३६०. पोटाखाली घुमट जेवढा फुगला तेवढं मानेत त्याला आवळून घ्यावं लागतं, एका विकलेचीही सूट नाही.

हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. जे डोळ्यांना जाणवत होतं, तो भरलेपणा आणि तो आवर, त्यांची बेरीज शून्य होती. माझी रसिकता आणि गणित एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. पाकळ्या लहान असोत की मोठ्या, गिलावा जाड असो की पातळ, पोटाची रेघ आणि गळा यांच्या मधल्या पृष्ठावर काहीही घडवा, कडा तशाच उभ्या ठेवल्या तर बेरीज बदलत नाही. गाऊस आणि फ्रान्सचे पिएर ओसियां बोने यांच्या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो. १९४४ मध्ये शिइंग-शेन चर्न यांनी वरच्या मितींसाठी त्याची अशी सिद्धता दिली की विसाव्या शतकाच्या भूमितीला तिथून नवी दिशा मिळाली.

या चर्न यांच्या नावाचं पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते याच शहरात. १९ ते २७ ऑगस्ट २०१० या काळात आंतरराष्ट्रीय गणित परिषद हैदराबादला भरली. ती भारतात भरण्याची ती पहिलीच वेळ. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या जळगाव जिल्ह्यातल्या. त्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. हा योगायोगच, पण मला तो जपून ठेवावासा वाटतो.

ते पहिलं पदक लुई नीरेनबर्ग यांना मिळालं. १९४९ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी हर्मान वाइल यांचा एक प्रश्न सोडवला होता. समजा एखादा बंद, गोलासारखा आकार आहे आणि तो आपल्याला दिसत नाही. त्याच्या अंगावर फिरणाऱ्या मुंगीने घेतलेली मापं तेवढी आपल्यापाशी आहेत. त्या मापांवरून वक्रता सगळीकडे धन आहे असं निघालं, तर अवकाशात तसा आकार खरोखर उभा करता येईल का? नीरेनबर्ग यांनी दाखवलं की येतो. आणि असा आकार एकच असतो, हेही गणिताला ठाऊक आहे. मुंगीच्या वहीवरून आवळा पुन्हा घडवता येतो.

अट मात्र एकच, वक्रता सगळीकडे धन हवी. आवळा त्या अटीत बसतो. परिषद जिथे भरली त्या सभागृहापासून काही किलोमीटरवर उभा असलेला मुहंमद कुलीचा घुमट बसत नाही, कारण त्याला मान आहे. वक्रता ऋण झाली की समीकरणांचा स्वभावच बदलतो, आणि धन वक्रतेसाठी असलेली ती खात्री तिथे लागू पडत नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. ऊन कलतं झालं होतं आणि गळ्यापाशी सावली साचली होती. माथा, पोट, खांदा असं खाली येत नजर त्या जागी थांबली जिथे वाटी संपून खोगीर सुरू होतं. पाकळ्या तिथेच सुरू होतात. प्रत्येक पाकळीचं टोक किंचित बाहेर वळलेलं आहे, एका दिशेने घुमटाला बिलगलेलं आणि दुसऱ्या दिशेने त्याच्यापासून सुटलेलं. म्हणजे प्रत्येक पाकळीसुद्धा एक खोगीरच आहे. ज्या स्थपतीने हा घुमट उभा केला त्याने घेतलेलं सगळं जिथे फेडलं, नेमक्या त्याच ओळीवर कमळ ठेवलं होतं.